गतिनियंत्रित मोटर ड्राइव्हची विद्युतचुंबकीय सुसंगतता

गतिनियंत्रित मोटर ड्राइव्ह (प्रचलित नाव: व्हीएफडी) हे विद्युत मोटरचा वेग गरजेनुसार बदलणारे इलेक्ट्रॉनिक साधन होय. अशा ड्राइव्हने परिसरातील अन्य उपकरणांच्या कार्यात व्यत्यय आणू नये आणि बाहेरील व्यत्ययांमुळे त्याचे स्वतःचे कार्यही बिघडू नये, या दुहेरी अपेक्षेस विद्युतचुंबकीय सुसंगतता म्हणतात. यासंबंधीचे प्रमुख आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१८००-३ हे आहे.

व्यत्ययाचा उगम

ड्राइव्हमध्ये प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाचे प्रथम एकदिश प्रवाहात रूपांतर होते. त्यानंतर आयजीबीटी हे अर्धवाहक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन मोटरला हवा तसा प्रवाह पुरवतात. प्रत्येक वेळी विद्युतदाब अत्यंत वेगाने बदलतो. केबल व जमीन तसेच मोटरची वेटोळी व तिचा सांगाडा यांच्यामध्ये अल्प धारकता असते. त्या वाटेने उच्च वारंवारतेचा प्रवाह जमिनीत उतरतो आणि मिळेल त्या मार्गाने ड्राइव्हकडे परततो. हा मार्ग संवेदकांच्या किंवा संदेशवहनाच्या तारांजवळून गेल्यास चुकीची मापने, रेडिओतील खरखर व यंत्रांचे अकारण थांबणे असे परिणाम संभवतात.

याखेरीज सहा डायोडांच्या एकदिशकारकामुळे पुरवठ्यात प्रामुख्याने ५व्या, ७व्या, ११व्या व १३व्या क्रमांकाचे प्रसंवादी प्रवाह निर्माण होतात.

पर्यावरण व वर्ग

मानकात दोन पर्यावरणे मानली आहेत. निवासी इमारतींना वीज देणाऱ्या सार्वजनिक कमी दाबाच्या जाळ्याला मध्ये रोहित्र न घेता जोडलेली ठिकाणे पहिल्या पर्यावरणात, तर स्वतंत्र रोहित्र असलेले कारखाने दुसऱ्या पर्यावरणात मोडतात. त्यानुसार पुढील वर्ग आहेत :

* सी१ : १००० व्होल्टपेक्षा कमी दाबाचे, पहिल्या पर्यावरणात वापरण्याचे ड्राइव्ह.
* सी२ : त्याच दाबाचे, कायम बसवलेले ड्राइव्ह, पहिल्या पर्यावरणात त्यांची जोडणी व कार्यान्वयन जाणकार तंत्रज्ञानेच करावे लागते.
* सी३ : १००० व्होल्टपेक्षा कमी दाबाचे, केवळ दुसऱ्या पर्यावरणासाठीचे ड्राइव्ह.
* सी४ : दुसऱ्या पर्यावरणातील १००० व्होल्ट वा अधिक दाबाचे, ४०० अँपिअर वा अधिक प्रवाहाचे किंवा गुंतागुंतीच्या प्रणालींतील ड्राइव्ह.

तारांमधून पसरणारे उत्सर्जन १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ आणि प्रारित उत्सर्जन ३० मेगाहर्ट्झपासून पुढे मोजतात. सी१ वर्गाच्या मर्यादा सर्वांत कडक असतात. म्हणून सी३ वर्गाचा ड्राइव्ह निवासी इमारतीतील पाणीपंप वा उद्वाहनास बसवणे योग्य नव्हे. युरोपीय संघात २०१४/३०/ईयू या निर्देशानुसार सुसंगतता कायद्याने बंधनकारक आहे.

उपाययोजना

ड्राइव्ह व मोटर यांना जोडणारी केबल जाळीचे कवच असलेली आणि शक्य तितकी आखूड ठेवतात. कवच दोन्ही टोकांना संपूर्ण परिघावर पकडून अर्थिंगला जोडावे लागते. कवचाच्या तारा पिळून एका शेपटीने जोडल्यास उच्च वारंवारतेला त्याचा उपयोग फारच कमी होतो. पुरवठ्याच्या बाजूस फिल्टर बसवतात. संदेशवाहक तारा शक्तिवाहक केबलपासून दूर नेतात व ओलांडणे अटळ असल्यास काटकोनात ओलांडतात.

फिल्टरमधील धारित्रांमुळे जमिनीकडे गळती प्रवाह वाहतो. तो ३.५ मिलिअँपिअरपेक्षा अधिक असल्यास संरक्षक वाहकाची जोडणी अधिक भक्कम असणे आवश्यक ठरते, कारण ती तुटल्यास यंत्राला स्पर्श करणाऱ्यास विजेचा धक्का बसू शकतो. ज्या पुरवठ्याचा उदासीन बिंदू जमिनीपासून विलग असतो, तेथे ही धारित्रे सामान्यतः निर्मात्याच्या सूचनेनुसार वेगळी करतात.