वर्तमानपत्रांचे मृत्युलेख कसे वाचावेत?

वर्तमानपत्रांचे वाचक घटताहेत, हे आपण गेली वीस वर्षं ऐकतोय. २००६ साली ‘द इकॉनॉमिस्ट’ने तर मुखपृष्ठावरच विचारलं, की वर्तमानपत्राला मारलं कुणी? आज आपण अमेरिकेतल्या अशा लेखनाकडे बघू. ते आपल्याला पटवतं कसं? ॲरिस्टॉटलने मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले: बोलणाऱ्याचा अधिकार, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. तिन्ही इथे सापडतात.

आधी अधिकार. अशा लेखांत थॉमस जेफरसन हमखास येतात. वर्तमानपत्रांविना सरकार की सरकाराविना वर्तमानपत्रं, अशी निवड करायची झाली तर आपण दुसरा पर्याय घेऊ, असं त्यांनी १७८७ साली एका पत्रात लिहिलं. पण लगेच पुढे अट घातली होती, की पत्रं प्रत्येकाला मिळावीत आणि प्रत्येकाला वाचता यावीत. ती अट सहसा गाळली जाते. शिवाय हेच जेफरसन १८०७ साली, राष्ट्राध्यक्ष असताना, वर्तमानपत्रातल्या कशावरच विश्वास ठेवता येत नाही असं लिहून बसले. ते कुणी सांगत नाही!

मग भावना. शाईचा वास, सकाळचा कप, वडिलांची खुर्ची. हे खोटं नाही, आपल्यालाही भिडतं. डेन्व्हरचं ‘रॉकी माउंटन न्यूज’ २७ फेब्रुवारी २००९ रोजी बंद पडलं, तेव्हा दीडशे वर्षं पुरी व्हायला दोन महिनेही उरले नव्हते. कुणालाही हळहळ वाटेल. पण अशा वेळी गावाचं खरं नुकसान म्हणजे नगरपालिकेच्या सभेत बसून टिपणं घेणारा बातमीदार जातो. खुर्चीच्या आठवणीत तो दिसेनासा होतो.

तिसरा युक्तिवाद, म्हणजे आकडे. अमेरिकेत दैनिकांचा खप १९८४ च्या सुमारास सर्वाधिक, सुमारे ६.३ कोटी प्रती होता. मग उतरण लागली, म्हणून दोष इंटरनेटचा, असं म्हटलं जातं. पण भाजक बदलून बघा. १९५० साली खप सुमारे ५.४ कोटी आणि कुटुंबं साधारण साडेचार कोटी, म्हणजे घरटी एकाहून जास्त प्रत. १९८४ पर्यंत कुटुंबं साडेआठ कोटींवर गेली होती. म्हणजे एकूण खप वाढत असतानाच घरटी प्रमाण घसरत होतं, आणि तेव्हा घराघरांत इंटरनेट कुठे होतं? इंटरनेटने जबर घाव घातला तो मुख्यतः छोट्या जाहिरातींच्या उत्पन्नावर. वाचक आणि उत्पन्न, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्याकडे या. ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्सच्या आकड्यांनुसार भारतात २००६ ते २०१६ या काळात रोजचा खप ३.९१ कोटींवरून ६.२८ कोटींवर गेला. अमेरिकेचा मृत्युलेख तेव्हा इथे जसाच्या तसा चिकटवणं चूकच होतं. पण ‘आपल्याकडे असं होणारच नाही’ हेही त्या आकड्यांतून सिद्ध होत नव्हतं. लोकसंख्या आणि साक्षरताही वाढत होतीच की.

म्हणून असा लेख हाती आला, की आपण तीन गोष्टी विचारूया. उद्धृत अर्धवट आहे का? हळहळ नेमकी कशाची? आणि आकड्याखाली भाजक कोणता? वर्तमानपत्रं जगावीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर हे आधी विचारायला हवं. रोगाचं निदान चुकलं, तर औषधही चुकणार.