राइट व्हेल दोरात का अडकतात? त्यांना वाचवायचं कसं?

उत्तर अटलांटिक महासागरात राइट व्हेल या जातीचे 400 पेक्षाही कमी देवमासे उरले आहेत. 1935 पासून त्यांच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आहे. पण जहाजांची धडक आणि मासेमारीचे दोर, हे दोन धोके अजून टळलेले नाहीत.

दोर येतात कुठून?
अमेरिका आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर शेवंड (लॉब्स्टर) आणि खेकडे पकडण्यासाठी समुद्राच्या तळाशी सापळे ठेवले जातात. सापळ्याची जागा कळावी आणि तो वर ओढता यावा, म्हणून तळापासून पाण्यावर तरंगणाऱ्या बोयापर्यंत उभा दोर असतो. राइट व्हेल तोंड उघडं ठेवून पोहतो आणि बारीक जीव गाळून खातो. त्यामुळे दोर तोंडात, परांत किंवा शेपटीत अडकतो. सुटण्यासाठी तो गिरकी घेतो, तेव्हा दोर आणखी आवळतो.

अडकल्यावर काय होतं?
काही व्हेल बुडून मरतात. काही महिनोन्महिने दोर ओढत फिरतात. जखमा चिघळतात, खाणं कमी होतं, अशक्त माद्यांना पिल्लं उशिरा होतात. अंगावरच्या व्रणांवरून दिसतं, की 85 टक्क्यांहून जास्त राइट व्हेल एकदा तरी अडकले आहेत.

दोर कापता येत नाही का?
येतो. त्यासाठी प्रशिक्षित पथकं आहेत. पण काम जिवावरचं आहे. 2017 मध्ये कॅनडात एका व्हेलला सोडवताच बचाव करणाऱ्याचाच मृत्यू झाला. शिवाय अडकलेले अनेक व्हेल कुणाला दिसतच नाहीत.

मग उपाय काय?
- तात्पुरती बंदी: व्हेल दिसले, की त्या भागात कॅनडा काही दिवस मासेमारी थांबवतो.
- कमकुवत दोर: सुमारे 770 किलोच्या ताणाला तुटणारा दोर मोठा व्हेल तोडू शकतो. लहान पिल्लांना मात्र ते जमेलच असं नाही.
- उभ्या दोराविना सापळे: बोया सापळ्यासोबत तळाशीच राहतो. बोटीवरून ध्वनिसंकेत दिल्यावर तो वर येतो.

तिसरा उपाय सर्वांत खात्रीचा, पण महागडा आहे. बोया दिसत नसल्यामुळे इतर बोटींना सापळ्यांची जागा कळवणारी यंत्रणाही लागते. मेन राज्यात हजारो कुटुंबं शेवंडांवर जगतात. हा खर्च त्यांच्या एकट्यावर पडला तर बदल रखडेल, आणि या देवमाशांकडे फारसा वेळ नाही.