पात्याचा फटका आणि इंजिनाचं मरण

हिरवळ कापायच्या यंत्राचं इंजिन बिघडलं की ते उतरवून दुसरंच बसवायचं, ही अमेरिकी घरांतली रीत उधळेपणाची मानली जाते. मला तिचं मूळ यंत्राच्या घडणीत दिसतं. एडविन बडिंगने 1830 मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळ बनवलेल्या यंत्रात पाती आडव्या रुळावर होती. 1902 मध्ये रॅन्सम्स कंपनीने तसल्या यंत्रावर पेट्रोल इंजिन चढवलं. या जातीच्या यंत्रांत इंजिन आणि पाती यांच्यामध्ये साखळी, क्लच असे मध्यस्थ असत. दगड लागला तर मार बहुधा त्यांच्यावरच निभावे. दुसऱ्या महायुद्धानंतर हे मध्यस्थ गेले. 1952 मध्ये सिडनीत मर्विन रिचर्डसनने विलियर्सचं टू-स्ट्रोक इंजिन आडवं पाडलं, टाकी म्हणून पीचचा रिकामा डबा लावला आणि पाती इंजिनाच्या शाफ्टखालीच फिरवली. (व्हिक्टा हा ब्रँड या खटपटीतून निघाला.) अमेरिकेत तर अखंड पातं थेट क्रँकशाफ्टच्या टोकाला बोल्टने आवळलं जाऊ लागलं. आता दगडाचा फटका सरळ इंजिनाच्या कण्यात.

कारखानदारांना हे कळत नव्हतं असं नाही. फ्लायव्हील आणि शाफ्ट यांच्या खाचेत मऊ धातूची बोटाच्या पेराएवढी चावी असते. फटका बसला की ती कातरली जाते, फ्लायव्हील किंचित सरकतं, ठिणगी भलत्या वेळी पडते. दोरी हातातून मागे हिसकते, कार्बोरेटरमधून फटाका वाजतो, इंजिन काही धरत नाही. माणूस प्लग बदलतो, कार्बोरेटर खोलतो आणि शेवटी इंजिन गेलं म्हणतो. गेलेली असते चार पैशांची चावी. निदान न करता इंजिन बदलणं हा उधळेपणाच, इथे टीकाकारांचं खरं आहे.

पण शाफ्टच वाकला असेल तर? मग इंजिन उघडून पुन्हा बांधावं लागतं. 1953 मध्ये ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने हलकं ॲल्युमिनियमचं इंजिन आणलं. त्याच्या स्वस्त प्रकारांत लोखंडी लायनरही नसे. क्रोम चढवलेला पिस्टन उघड्या ॲल्युमिनियमवर चाले. असं इंजिन पुन्हा बांधायची मजुरी नव्याच्या किमतीला भिडते. शिवाय बहुतेक यंत्रवाले इंजिन बाहेरून विकत घेत, म्हणून बोल्टची भोकं आणि शाफ्टची मापं बरीचशी सारखी राहिली. टेकम्सी कंपनीने 2008 मध्ये अशी इंजिनं बनवणं थांबवलं, तेव्हा तिची इंजिनं असलेल्या कितीतरी यंत्रांवर प्रतिस्पर्ध्याचं इंजिन बसू शकलं ते त्यामुळेच.