कुंचल्यापासून पात्यापर्यंत : फलकांवरील देवनागरी

गावाचा इतिहास शिलालेखांत आणि दप्तरांत असतो, तसाच तो दुकानांच्या फलकांवरही असतो. दगडावरचा लेख शतके टिकतो. फलक मात्र मालक बदलला की उतरतो. त्यामुळेच या अक्षरांचा इतिहास कोणी लिहून ठेवीत नाही. तो थोडक्यात नोंदवावा, या हेतूने आम्ही हे टिपण करीत आहोत.

आरंभी सारा कारभार पेंटरच्या हाती होता. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्या नावालाच हा व्यवसाय चिकटला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आमच्या इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेन यांनीही मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवून उमेदवारीचे दिवस काढले. या कारागिरांची पद्धत ठरलेली असे. खडू लावलेली दोरी ताणून शिरोरेषा आखायची, अक्षरांची रुंदी नजरेने वाटून घ्यायची, हात थरथरू नये म्हणून मनगट काठीवर टेकवायचे आणि चपट्या कुंचल्याने एका दमात वळण घ्यायचे. जागा अपुरी पडली तर पेंटर अक्षर किंचित दाबी, पण मोडीत नसे.

पहिले स्थित्यंतर अमेरिकेत घडले. व्हिएन्नात जन्मलेल्या जोसेफ गर्बर यांच्या कनेक्टिकटमधील कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी संगणकाच्या आज्ञेने व्हिनाइल कापणारे यंत्र बाजारात आणले. पुढे इंकजेट छपाईची रुंद यंत्रे आली. पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा लेप दिलेले 'फ्लेक्स' आपल्याकडे २००० नंतरच्या दशकात सर्वत्र पसरले. आठवड्याचे काम तासावर आले आणि कित्येक पेंटरांनी कुंचला खाली ठेवला.

यंत्र आले, पण त्याला देवनागरी येत नव्हती. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात, आपली शिरोरेषेने जोडलेली असतात. संगणकात ती एकमेकांवर किंचित चढलेली असतात. ती तशीच कटरकडे पाठविली, तर पाते प्रत्येक सांध्यावर चिरा पाडते आणि पहिल्या उन्हाळ्यातच तेथून व्हिनाइल उचलू लागते. म्हणून कापण्यापूर्वी संपूर्ण शब्दाची एकच बाह्यरेषा करून घ्यावी लागते. अनुस्वार, रफार, नुक्ता ही चिन्हे नको असलेले व्हिनाइल सोलताना त्यासोबत निघून जातात. ती मोजून पाहावीत. पाते व्हिनाइलपुरतेच रुतावे, खालचा कागद चिरू नये. त्यासाठी प्रत्येक नव्या रोलवर आधी लहानसा चौकोन कापून पाहणे हा जाणत्यांचा नियम आहे.

छपाईच्या यंत्राचेही असेच. ते बंद राहिले की शाईची सूक्ष्म छिद्रे तुंबतात, म्हणून रोज सकाळी चाचणीची पट्टी काढावी. सॉल्व्हंट शाईचे काम निदान एक दिवस उघडे वाळू द्यावे आणि मगच लॅमिनेशन करावे. घाई केल्यास फुगे येतात, कडा सुटतात.

तिसरी अडचण फाँटची. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तीत देवनागरीला जागा होती. तथापि छपाईची दुकाने दीर्घकाळ जुन्या फाँटांवरच चालली. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. दुसऱ्या संगणकावर तोच फाँट नसला की मजकुराचा चुथडा होई. आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांना आणखी एक प्रश्न भेडसावतो. येथील बहुतेक फाँट हिंदी वळणाचे. त्यांत आपला 'ल' आणि 'श' परके दिसतात, 'ऱ्या' तर अनेकदा निराळाच उमटतो. मंडळाच्या फलकावर असा एखादा शब्द चुकीचा छापला गेला, तर पुढची पिढी तोच बरोबर मानील. यावर साधा उपाय आहे : मजकूर युनिकोडमध्ये द्यावा, अक्षरे बाह्यरेषांत रूपांतरित करून मगच छापावयास पाठवावीत आणि नमुना मराठी जाणणाऱ्या माणसाने वाचावा.

स्वस्ताईची किंमतही पाहिली पाहिजे. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरांवर केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून बंदी घातली. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे अवाढव्य फलक वादळात कोसळून सतरा जणांचे प्राण गेले. मोठा फलक म्हणजे वाऱ्यापुढे उभारलेले शीडच. त्याचा सांगाडा आणि पाया अभियंत्याने तपासल्यावाचून तो उभारू नये.

यंत्राला दोष देणे आम्हांस मान्य नाही. छापखाना आला तेव्हाही बोरूचे वळण गेले, पण जाणत्यांनी लक्ष घातल्यामुळे देखणे खिळे घडले. आज फलकाचे अक्षर कोण घडविणार, एवढाच प्रश्न आहे. ज्या गावांत मराठी शाळा उरल्या नाहीत, तेथे मुलांच्या नजरेस पडणारे मराठी अक्षर बहुधा फलकावरचेच असते. ते शुद्ध असावे, ही जबाबदारी यंत्राची नसून फलक लावणाऱ्या आपणा सर्वांची आहे.