तयार माणसाचा हिशेब

भोसरी असो, सातपूर असो की वाळूज, पंधरा-वीस माणसांच्या गाळ्यात भरतीचा विषय निघाला की मालकाचे उत्तर ठरलेले असते. तयार माणूस घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पहिल्या दिवसापासून माल बाहेर पडेल. आयटीआयचे पोरगे घेतले तर वर्षभर शिकवा, त्याने मोडलेल्या टूलचे पैसे भरा, रिजेक्शन सोसा. आणि हात बसला की पाचशे रुपयांसाठी ते समोरच्या गाळ्यात. शिकवायचे आपण आणि खायचे शेजाऱ्याने.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणूनच त्याचे खंडन करण्यात अर्थ आहे. त्याच्या पाठीशी मोठे नावही आहे. पुढे नोबेल मिळालेल्या गॅरी बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1964 साली ‘ह्यूमन कॅपिटल’मध्ये मांडले, की जे कसब कुठल्याही कारखान्यात चालते ते शिकवण्यावर मालक स्वतःच्या खिशातून खर्च करणार नाही, कारण शिकलेला माणूस ते बाजारभावाने दुसरीकडे नेऊ शकतो. व्यवस्थापनाच्या वर्गांत बेकर येथवर सांगितला जातो. पुढचे अर्धे वाक्य मात्र गाळले जाते: अशा वेळी खर्च शिकणारा उचलतो, शिकण्याच्या काळात कमी पैशांवर राबून. म्हणजे बेकरच्या मते शिकाऊ घेणे तोट्याचे नाही. त्याच्या शिक्षणाचे पैसे तो स्वतःच फेडत असतो. आपल्याकडे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली 2019 साली किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा 5,000 ते 9,000 रुपये ठरले. त्या पैशांत भोसरीत खोलीभाडे आणि खानावळ भागवणारा पोरगा खर्चाचा वाटा उचलत नाही, असे कोणी म्हणू नये.

आता ‘पळून जातो’ या हेतूकडे वळू. तर्कशास्त्राच्या भाषेत हा सरळ वदतोव्याघात आहे. शिकाऊ पळतो म्हणून अनुभवी घ्या म्हणता, पण हा अनुभवी आला कुठून? कुणाच्या तरी गाळ्यातून जास्त पगारासाठी उठूनच. शिकाऊ उद्या जाईल की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. अनुभवी मात्र एकदा गेलेला आहे, हे त्याच्या अर्जातच लिहिलेले असते. जाण्याच्या शक्यतेवरून माणूस नाकारायचा तर आधी दुसरा नाकारावा लागेल.

इथे आणखी एक गाठ आहे, ती सोडवली डॅरॉन असेमोग्लू आणि यॉर्न-स्टेफन पिश्के या अर्थशास्त्रज्ञांनी. त्यांचा 1998 चा निबंध जर्मनीतल्या शिकाऊ उमेदवारांवर आहे. त्यांचा मुद्दा असा, की माणूस किती पाण्यात आहे हे त्याच्या सध्याच्या मालकाला बाहेरच्यापेक्षा जास्त कळते. तो चांगल्याला धरून ठेवतो, बेताच्याला जाऊ देतो. म्हणून बाजारात नोकरी शोधत फिरणाऱ्यांचा घाऊक दर्जा जागेवर टिकलेल्यांपेक्षा उणा निघतो. याचा पडताळा त्यांनी हुशारीने घेतला. जर्मनीत तेव्हा सक्तीची लष्करी सेवा होती. त्या सेवेसाठी ज्यांना मालक सोडावा लागला त्यांची पुढची कमाई, एरवी नोकरी सोडलेल्यांपेक्षा जास्त भरली. लष्कराच्या बोलावण्याने सोडणारा गुणाने निवडून बाहेर पडत नाही. एरवी सोडणाऱ्यांत ही निवड होऊन गेलेली असते. आपल्याकडे मुलाखतीत मशीन लावून देणाऱ्या सेटरला ‘आधीची कंपनी का सोडली’ हे सवयीने विचारले जाते आणि ‘घरापासून लांब पडत होती’ हे उत्तर सवयीनेच ऐकून घेतले जाते. ज्या गाळ्यातून तो आला तिथल्या सुपरवायझरला एक फोन करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

पूर्वपक्षाचा कणा मात्र ‘पहिल्या दिवसापासून’ या शब्दांत आहे. अनुभव ही माणसाच्या अंगावरची वस्तू आहे, तो जिथे जाईल तिथे ती जशीच्या तशी जाते, असे यात गृहीत धरलेले असते. हेच गृहीत तपासताना अभ्यासक बोरिस ग्रोयसबर्ग यांनी वॉल स्ट्रीटवरच्या हजाराहून अधिक नामांकित विश्लेषकांचा माग काढून 2010 साली पुस्तक लिहिले. कंपनी बदलणाऱ्यांची कामगिरी सरासरीने घसरली. आपला चमू बरोबर घेऊन गेलेले त्या मानाने सावरले. दुसरे अभ्यासक मॅथ्यू बिडवेल यांनी एका अमेरिकी गुंतवणूक बँकेच्या नोंदी तपासून 2011 साली दाखवले, की बाहेरून आणलेल्यांना आतून बढती मिळालेल्यांपेक्षा सुमारे 18 टक्के जास्त पगार द्यावा लागला, तरी पहिली दोन वर्षे त्यांचे काम कमी प्रतीचे भरले, आणि ते सोडूनही जास्त गेले. बिडवेलची तुलना नवख्याशी नाही, घरात वाढलेल्याशी आहे, हे खरे. पण घरात वाढलेला माणूस कधीतरी शिकाऊ म्हणून आत आल्याशिवाय मिळतो कुठून?

बँकेचे राहू द्या, सीएनसी लेथ घ्या. पहिल्या पाळीत मशीन थंड असते. स्पिंडल आणि बॉलस्क्रू तापत जातात तसे माप काही मायक्रॉननी सरकते. हे सगळीकडेच होते आणि कुठल्याही अनुभवी सेटरला माहीत असते. पण आपल्या शेडमधले तीन नंबरचे मशीन सकाळी किती वेळ सरकते, कुठल्या बाजूला सरकते, पावसाळ्यात दार उघडे राहिले तर काय करते, हे त्या मशीनशेजारी वर्ष काढलेल्यालाच कळते. अमुक पार्टीचा इन्स्पेक्टर बोअरचे माप वरच्या टोकाला गेलेले चालवून घेतो पण कडेवर राहिलेली बर खपवून घेत नाही, पातळ रिंगला सॉफ्ट जॉ बोअर करताना आपल्या चकला किती दाब पुरतो, हे ड्रॉइंगवर नसते. नवा अनुभवी माणूस येतो तेव्हा यातले काहीच त्याच्यापाशी नसते, वर जुन्या गाळ्याच्या सवयी असतात. त्या मोडायलाही वेळ लागतो, आणि तो खर्च कुठल्याच वहीत लागत नाही, कारण अनुभवी माणसाने वाया घालवलेल्या जॉबला आपण ‘सेटिंग पीस’ म्हणतो आणि शिकाऊने घालवलेल्याला नुकसान.

मालकाच्या हिशेबात न धरलेली रक्कम आणखी एक आहे. सगळेच तयार घेतले की तयार माणूस काय करतो ते पाहा. 30 हजारांचा सेटर. त्याचे खरे काम म्हणजे जॉब बांधणे, ऑफसेट देणे, फर्स्ट पीस पास करून घेणे. उरलेल्या पाळीत तो जॉब लावतो-काढतो, चिप्स ओढतो, कूलंट भरतो, माल मोजतो. समजा अर्धी पाळी यात गेली, तर महिन्याला 15 हजार रुपये अशा कामावर गेले जे आयटीआयचा मुलगा पहिल्या आठवड्यात करू लागतो. शिकाऊ नसेल तर अनुभवाचे पैसे देऊन मालक हेल्परकी विकत घेत असतो. म्हणून ‘हा की तो’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो.

शिकाऊंच्या बाजूने किर्लोस्करवाडीचा दाखला नेहमी दिला जातो. 1910 साली कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना थाटला तेव्हा मुंबईचे तयार कारागीर निवडुंगात यायला रांग लावून नव्हते. शाळेत न रमलेली, पदवी नसलेली माणसे हाताशी धरून त्यांनी नांगर ओतले. कुणी म्हणेल, ही नाइलाजाची गोष्ट, धोरणाची नव्हे. मान्य. पण नाइलाजाने केलेला तो प्रयोग फसला नाही, एवढे तरी ध्यानात घ्यावे.

अपवाद आहेत आणि ते नावानिशी सांगितले पाहिजेत. बॉयलरवर प्रमाणपत्रधारी अटेंडंट कायद्यानेच लागतो. तिथे शिकाऊला एकटे सोडता येत नाही. रसायनाच्या रिॲक्टरवर, उच्च दाबाच्या विजेवर तेच. दुसरा अपवाद नव्या विद्येचा. गाळ्यात पहिल्यांदाच पाच-अक्षी मशीन आले आणि ते कुणालाच येत नसेल, तर शिकवणार कोण? पहिला माणूस बाहेरून, जाणता आणि चांगल्या पगाराचाच हवा. फक्त त्याच्या नेमणुकीतच दोघांना तयार करण्याची अट घालावी, नाहीतर तो गेला की मशीनवर ताडपत्री.

उलट बाजूचाही एक पक्ष आहे, त्याला मी उत्तरपक्षात बसू देणार नाही. शिकाऊ स्वस्त पडतो म्हणून शिकाऊ घ्या, असे तो म्हणतो. शिकाऊ उमेदवाराला कायदा कामगार मानत नाही, त्यामुळे भविष्य निर्वाह निधीची कटकट नाही. चाकणच्या पट्ट्यात काही वर्षे ‘नीम’ या सरकारी प्रशिक्षण योजनेच्या नावाखाली पोरे आली, एकाच स्टेशनवर एकच बोल्ट आवळत राहिली आणि मुदत संपल्यावर पुढच्या तुकडीला जागा करून देऊन गेली. ही भरती शिकाऊंची नव्हे. ज्याला काहीच शिकवले नाही त्याच्यावरून शिकाऊंच्या उपयोगाचा निष्कर्ष काढणे हा हेत्वाभास आहे, आणि ‘शिकाऊ टिकत नाहीत’ म्हणणारे पुष्कळदा याच अनुभवावर बोलत असतात. ज्या कामात शिकण्यासारखे काही नाही तिथे पाचशे रुपये हे जाण्याचे पुरेसे कारण असते.

शिकाऊ कुठे टिकतो, हे मग शिकवणाऱ्यावर येऊन ठेपते. जुना सेटर हातचे राखून शिकवतो, ही तक्रार खोटी नाही. पोरगे ऑफसेट द्यायला शिकले की आपली गरज संपेल, ही त्याची भीतीही अगदीच खोटी नाही. जर्मनीत शिकाऊ तयार करणाऱ्याला शिकवता येते की नाही याची वेगळी परीक्षा असते. आपल्याकडे सेटरला इन्सेन्टिव्ह मिळतो तो पाळीत निघालेल्या नगांवर. शिकाऊच्या हातात मायक्रोमीटर देऊन त्याच्याकडून दहा जॉब मोजून घेतले, तर त्या दिवशी नग कमी पडतात आणि पैसे सेटरचे कापले जातात. त्याच्या पगाराच्या स्लिपवर ओव्हरटाइमचा रकाना आहे, हजेरी भत्त्याचा आहे, शिकवण्याचा नाही. शिकाऊ पळाला म्हणून हळहळणाऱ्या मालकाने आधी ती स्लिप काढून पाहावी.