कोशातील पहिले वाक्य आणि अमरावती नावाची नगरे

पालि साहित्याच्या अभ्यासकास ‘अमरावती’ हे नाव प्रथम भेटते ते बुद्धवंसात. दीपंकर बुद्धांच्या काळी सुमेध ब्राह्मण ज्या नगरात राहत होता, त्या नगराचे हे नाव होय. दुसरी अमरावती कृष्णाकाठची, धान्यकटकाच्या महाचैत्याची. कॉलिन मॅकेन्झी याने १७९७ साली तेथील अवशेष पाहिले. त्यांतील बरेचसे शिल्पपट आज चेन्नई आणि लंडन येथील संग्रहालयांत आहेत. तिसरी अमरावती पुराणांतील इंद्राची. चौथी आमची, वऱ्हाडातील. उदुंबरावती, उंबरावती, उमरावती अशा क्रमाने तिचे नाव घडले असे सांगितले जाते.

आता या चार नगरांपैकी नोंद कोणत्या नगराची, हे कोशकाराने पहिल्या वाक्यात सांगितले नाही तर काय होते? विद्यार्थ्यांच्या निबंधांत कृष्णातीरावरील महाचैत्य वऱ्हाडात येऊन उभे राहते. सुमेधाचे नगरही अंबादेवीच्या परिसरात असल्याचे आम्ही उत्साही वक्त्यांकडून ऐकले आहे. नोंद नावाच्या व्युत्पत्तीने अथवा गौरवाने सुरू झाली की वाचक स्वतःला प्रिय असलेले गाव तिच्यात घालतो. वस्तू कोणत्या जातीची, कोठली व केव्हाची, एवढे आधी कळले पाहिजे. व्युत्पत्ती नंतर येऊ शकते.

ही शिस्त पालि परंपरेस नवी नाही. विनयपिटकात शिक्षापदानंतर त्यातील एकेका शब्दाचा अर्थ निश्चित केला जातो. ‘भिक्खु’ हा शब्द तेथे अनेक अर्थांनी घेता येतो. म्हणून नियमात कोणता भिक्खु अभिप्रेत आहे हे वेगळे सांगावे लागते. दोषी कोण, हे त्यावर ठरते. बुद्धघोषाचार्यही विसुद्धिमग्गात शीलाचे लाभ सांगण्यापूर्वी शील म्हणजे काय असे विचारतात, आणि लक्खण, रस, पच्चुपट्ठान व पदट्ठान या चार अंगांनी ते उलगडतात.

मराठीतील कोशरचनेचा पाया घालणारे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे शालेय शिक्षण अमरावतीसच झाले. १९२० च्या दशकात त्यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश २३ खंडांत पुरा झाला. अकारविल्हे नोंदी मात्र सहाव्या खंडापासून. आधीचे पाच खंड प्रस्तावनेचे! शब्द शोधणाऱ्याच्या संयमाची ही परीक्षाच. तरीही त्यांतील दोन खंडांस केतकरांनी ‘बुद्धपूर्व जग’ आणि ‘बुद्धोत्तर जग’ अशी नावे दिली. जगाच्या इतिहासाची विभागणी बुद्धांच्या नावाने करणे, ही त्या काळच्या मराठीत लहान गोष्ट नव्हती.

अकोल्याचीही तीच अडचण आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील इंग्रजी ‘अकोला’ म्हणजे अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) प्रवरातीरावरचे अकोले. मोर्णातीरावरचे आमचे अकोला नव्हे. जुनी टिपणे उतरून घेणाऱ्याने नदीचे नाव पाहावे, ही आमची सूचना.

या गोंधळाची खरी किंमत वऱ्हाडासच मोजावी लागते. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेच्या काठी भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांचा स्तूप उजेडात आला. ही वऱ्हाडच्या भूमीतली बौद्ध वास्तू आहे; तिला उसन्या महाचैत्याची गरज नाही. जिगाव धरणाच्या पाण्याखाली ती जाण्याची भीती व्यक्त झाली, तेव्हा आमच्यापैकी किती जणांना भोन कोठे आहे हे ठाऊक होते? उद्या कोणी कोशकार तिची नोंद करील, तर आरंभी एवढे असावे: भोन — महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील, पूर्णा नदीच्या काठचे प्राचीन वसतिस्थान; येथे विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले आहेत.