शिळेवरची फोर्ड

अमेरिकेच्या जॉर्जिया प्रांतात डॉसनव्हिल नावाचे लहानसे डोंगरी गाव आहे. तेथील दफनभूमीत एका शिळेवर १९३९ ची फोर्ड मोटार कोरलेली असून तिच्या खिडकीत चालक लॉइड सी याचे छायाचित्र बसविले आहे. मोटार सामान्य गिऱ्हाइकासाठी घडविलेली. पण तिचे आठ सिलिंडरांचे इंजिन मोठे तडफदार. कर चुकवून गाळलेली दारू रातोरात अटलांटास पोचविणाऱ्या पोरांना तीच हवी असे, आणि मातीच्या गोल धावपट्टीवर शर्यतीला उतरे तीही तीच! आम्हां सरकारी कारकुनांस ही करबुडवी विद्या रुचू नये. तथापि धुळीत मागची चाके घसरू देऊन वळण घेण्याचे त्यांचे कसब आम्हांस नाकारवत नाही.

१ सप्टेंबर १९४१ रोजी सीने अटलांटाच्या लेकवुड मैदानावर शर्यत जिंकली. दुसऱ्याच दिवशी, दारूसाठी घेतलेल्या साखरेच्या हिशेबावरून, त्याच्या चुलतभावाने त्याला गोळी घातली. वय अवघे २१. त्याला मोटारी पुरविणारे रेमंड पार्क्स हेही नात्यातलेच. पुढे १९४८ साली, युद्धात पाय जायबंदी झालेल्या रेड बायरनने पार्क्स यांच्याच फोर्डमधून नास्कार संस्थेचे पहिले विजेतेपद मिळविले.